काटा खोलीतला पिवळा दिवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमधलं, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणाऱ्या कारखान्यातलं, हे प्रकरण. दोन उन्हाळ्यांपूर्वीचं. नेटवर्क आणि कॅमेऱ्यांची देखभाल हे माझं काम आणि या जिनिंगचं वार्षिक काम त्याच वर्षी माझ्याकडे आलं होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या हेड फिटर काकांचा फोन आला.

"दोन वाजले का तुमचं ते डबं झोपते, साहेब. अर्ध्या घंट्यानं उठते, मंग पुन्हा झोपते. पाचनंतर उठलं का उठलं. मंग रातभर काही नाही."

इतकी नेमकी तक्रार सांगणारा माणूस क्वचित भेटतो. निदान खरं म्हणजे त्यातच होतं. मला मात्र ते कळायला तीन खेपा लागल्या, आणि हे सगळं लिहून ठेवायचं कारणही तेच.

'डबं' म्हणजे २४ पोर्टांचा नेटवर्क स्विच. वजनकाट्याच्या केबिनीला तिथे काटा खोली म्हणतात. त्या खोलीत भिंतीवर टांगलेल्या काचेच्या दाराच्या रॅकमध्ये तो बसवलेला होता. आवारातले १६ कॅमेरे याच स्विचवर चालत. त्यांना वीजही नेटवर्कच्याच केबलमधून, म्हणजे पीओईनं मिळायची. काट्याचा कॉम्प्युटर, पावतीचा प्रिंटर आणि ऑफिसकडे जाणारी फायबरही इथेच येऊन मिळत होती. रॅकमध्ये स्विचच्या वर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर आणि खाली, अगदी चिकटून, एक यूपीएस.

स्विच झोपला की काटा बंद पडत नसे, वजन होत राही. पण पावती ऑफिसात पोचत नसे. मग काट्यावरचा मुलगा हातानं पट्टी लिहायचा आणि संध्याकाळी तेच आकडे पुन्हा कॉम्प्युटरमध्ये भरायचा. एप्रिलात जिनिंगवर गर्दी नसते. गर्दी डिसेंबर-जानेवारीत. पण भाव चढेल म्हणून घरात साठवलेला कापूस याच दिवसांत बाहेर निघतो. असा शेतकरी आधीच भावावरून वैतागलेला असतो, वर ४३ अंशांच्या उन्हात ट्रॅक्टरवर बसून 'नेट नाही' हे ऐकायला त्याची तयारी नसते. दोनदा बाचाबाची झाली, तेव्हा फोन आला.

पहिली खेप: चुकीचं निदान

मी सकाळी ११ ला पोचलो. अर्थातच सगळं चालू होतं. काट्यावरच्या मुलाला विचारलं, बंद पडतो तेव्हा नेमकं काय दिसतं? तो म्हणाला, सगळे दिवे जातात. मी ठरवून टाकलं की विजेचा घोळ आहे. सगळे दिवे जातात म्हणजे वीज जाते, दुपारी दोनला फीडरवर, म्हणजे भागाच्या वीजवाहिनीवर, भार वाढतो, दाब खाली येतो, जुना यूपीएस दगा देतो. गोष्ट अगदी बेमालूम जुळत होती. यूपीएसची बॅटरी खरोखरच फुगलेली निघाली, त्यामुळे माझी खात्रीच पटली. नवा यूपीएस लावला, पॉवर केबल बदलली, चहा घेतला, निघालो.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला फोन. "झोपलं."

या खेपेत दोन गोष्टी माझ्या नजरेतून सुटल्या. एक, रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि प्रत्येक कॅमेरा दिवसापेक्षा बराच जास्त भार ओढतो. भाराचा किंवा क्षमतेचा प्रश्न असता तर स्विच रात्री आधी पडला असता, आणि काकांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, 'रातभर काही नाही'. दुसरी गोष्ट म्हणजे स्विचच्या तोंडावरचा एक बारीकसा पिवळा दिवा. काचेवर रुईचा थर होता, दार उघडल्यावरही मी मागची पॉवर केबलच पाहत होतो. पुढे कधीतरी काट्यावरच्या मुलाला मी विचारलं, हा पिवळा दिवा कधीपासून आहे? "तो तर दिवाळीपासून आहे, सर. आम्हाला वाटलं तसाच असतो."

दिवाळी म्हणजे जिनिंगचा हंगाम सुरू होण्याची वेळ. साडेपाच महिने तो दिवा पंखा बंद असल्याचं सांगत होता.

दुसरी खेप: मोजून पाहिलं

या वेळी मी स्विचमध्ये लॉग-इन केलं. लॉग उघडला तर सगळ्या नोंदी १ मार्च १९९३ च्या! या बनावटीच्या स्विचचं घड्याळ लावलेलं नसेल तर दर वेळी चालू होताना तो तिथूनच वेळ मोजायला लागतो. शिवाय लॉग त्याच्या स्वतःच्या रॅममध्येच होता. स्विच पडला की पडण्यापूर्वीच्या नोंदी पुसल्या जात. म्हणजे रोज दुपारी पुरावा नष्ट व्हायचा. घड्याळ लावलं आणि लॉग काट्याच्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कवर जाईल असं केलं. स्विचच झोपल्यावर तो काही पाठवणार नाही हे उघड होतं, पण झोपण्याच्या आधीचं बोलणं तरी हाती लागणार होतं.

मग तीन-चारशे रुपयांचे दोन डिजिटल थर्मामीटर लावले. एकाची वायर खोलीत मोकळी सोडली, दुसऱ्याची स्विच जिथून हवा घेतो त्या डाव्या बाजूच्या जाळीपाशी. दुपारभर तिथेच बसलो. बाहेर ४३, खोलीतही ४३. टिनाचं छप्पर, वेगळं काय होणार? जाळीपाशी मात्र ५१. या स्विचच्या माहितीपत्रकात बाहेरच्या हवेची कमाल मर्यादा ४५ लिहिलेली आहे. दोन वाजून दहा मिनिटांनी आतल्या सेन्सरनं ७८ दाखवले, लॉगमध्ये लागोपाठ तापमानाच्या तक्रारी आल्या आणि सगळे दिवे गेले.

वीज गेलीच नव्हती. स्विचच्या आतला पॉवर सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत होता. त्याच्यात तापमानाची मर्यादा असते. ती ओलांडली की तो बंद होतो, पुरेसा निवला की आपोआप सुरू होतो. अर्ध्या तासाचं झोपणं-उठणं ते हेच. बाहेरून मात्र चित्र वीज गेल्यासारखंच दिसतं.

डेटा सेंटरवाल्यांसाठी ॲश्रे ही अमेरिकी संस्था यंत्रात शिरणारी हवा १८ ते २७ अंश असावी असं सुचवते. काटा खोलीत तो आकडा फार तर हिवाळ्यातच भेटेल. विदर्भात ४५ च्या मर्यादेवर उभं राहूनच काम करावं लागतं, म्हणून ती मर्यादा कशानं खाल्ली जाते ते बारकाईनं बघावं लागतं. इथे खोली आणि जाळी यांच्यात आठ अंशांचा फरक होता. हे आठ अंश रॅकनं स्वतः तयार केले होते.

थोडा हिशोब सांगतो, कारण त्यानंतरच मला खरं गांभीर्य कळलं. भिंतीतून हा स्विच दुपारी १४० वॅटच्या आसपास घेत होता. पण त्यातली कॅमेऱ्यांची वीज खांबावर, कॅमेऱ्यातच खर्च होते. स्विचच्या पोटात उष्णता होऊन राहते ती साधारण ६० वॅट. एक घनमीटर हवा एक अंशानं तापायला सुमारे १२०० ज्यूल लागतात. म्हणजे सेकंदाला पाच लिटर हवा आरपार गेली तर ती दहा अंशांनी तापून बाहेर पडते. पाचाऐवजी एकच लिटर गेली तर तीच हवा पन्नास अंशांनी तापेल. प्रत्यक्षात पत्र्यातूनही थोडी उष्णता बाहेर पडते, त्यामुळे इतकं टोक गाठलं जात नाही. पण दिशा हीच. हिवाळ्यात खोली २५ वर होती तेव्हा ही उसनवारी निभावली. एप्रिलनं वसुली सुरू केली.

झाकण उघडल्यावर

रविवारी जिनिंग बंद असताना तिसरी खेप केली. वॉरंटी कधीच संपलेली होती, म्हणून उघडलं. वॉरंटीत असलेल्या स्विचचं झाकण उघडण्याच्या फंदात पडू नये.

वीज काढून दहा मिनिटं थांबलो, कारण पॉवर सप्लायमधले कपॅसिटर काही काळ भार धरून ठेवतात. स्विच अंगणात सावलीत आणला. डाव्या जाळीवर जे होतं त्याला धूळ म्हणणं बरोबर नाही. तो नमदा होता, लोकर दाबून करतात तसला, घट्ट, राखाडी, फुलक्याएवढा जाड. नखानं एक कोपरा सोडवला तर अख्खा पापुद्रा एका तुकड्यात निघून आला. जिनमधून उडणारी बारीक रुई हलकी असते, ती साधारणपणे फुंकरीनं जाते. ही का जाईना? पापुद्रा उलटा केला तर बाहेरच्या अंगाला पांढरी पुटं होती, कूलरच्या गवतावर उन्हाळ्याअखेर साचतात तसली.

मग वर पाहिलं. काटा खोलीच्या खिडकीत कूलर होता आणि त्याच्या पट्ट्या नेमक्या रॅककडे वळवलेल्या. कोणीतरी प्रेमानं केलेलं काम. मशीन गरम होते म्हणून मशीनला गारवा. कूलरची हवा थंड असते हे खरंच, कोरड्या उन्हाळ्यात तो दहा-बारा अंश सहज उतरवतो. पण जोराचा झोत पाण्याचे बारीक थेंब आणि त्यातले क्षार घेऊन येतो. रुईला ओल मिळाली, क्षार मिळाले, वरून पंख्याचं ओढणं. नमदा याहून वेगळा बनत नाही. शिवाय खिडकी कूलरनं भरलेली आणि समोरचं दार बंद, त्यामुळे ओली हवा बाहेर जायला वाट नव्हती. दुपारी एकनंतर कूलर नुसताच दमट हवा फिरवत बसायचा, म्हणूनच खोली ४३ वर.

आत ४० मिलिमीटरचे दोन पंखे. एक पूर्ण जाम. बोटानं फिरवला तर अर्धा फेरा जाऊन अडकायचा. दुसरा फिरत होता, पण त्याचा वेग नेहमीच्या निम्म्यावर आला होता. दोन्ही साध्या बुश बेअरिंगचे. असल्या बेअरिंगमधलं तेल उष्णतेनं उडून जातं, मग घर्षण वाढतं, घर्षणानं पंखा मंदावतो, मंदावल्यानं आणखी उष्णता. पंख्यांच्या माहितीपत्रकातलं आयुष्य बहुधा ४० अंशांना धरून दिलेलं असतं. आमच्याकडे ४० अंश म्हणजे मार्चअखेरची दुपार.

इथे काका कॉम्प्रेसरची नळी घेऊन आले. जिनिंगमध्ये सगळी सफाई त्यानंच होते, बेअरिंगपासून कपड्यांपर्यंत. मी त्यांना थांबवलं आणि ते जरा दुखावले. कारण सांगितलं तेव्हा पटलं. कारखान्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी असतं, दाब बोर्डावरचे बारीक भाग उचकटण्याइतका असतो, आणि झोत लागला की पंखा आपल्या ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो. त्यात उरलंसुरलं बेअरिंगही जातं. वर असा फिरणारा पंखा स्वतः वीज तयार करून बोर्डाकडे उलटी पाठवतो. म्हणून पाती बोटानं धरून, मऊ ब्रशनं आणि लहान ब्लोअरनं साफ केलं. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला होता. घरचा व्हॅक्यूम क्लीनर मी कधीच वापरत नाही, त्याच्या प्लास्टिकच्या तोंडावर हवेच्या घर्षणानं स्थिर वीज साठते.

कपॅसिटर एकेक करून पाहिले, कुठलाही फुगलेला नव्हता. पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम आहे की दर दहा अंशांच्या वाढीमागे आयुष्य निम्मं होतं. या स्विचनं साडेपाच महिन्यांत किती वर्षं खर्च केली ते कोणालाच सांगता येणार नाही. मालकांना मी हे लेखी दिलं.

पंखा नावाची वस्तू

आता पंखे. नागपूरला सीताबर्डीत चाळीसचा बारा व्होल्टचा पंखा मागितला की दुकानदार तीन प्रकार समोर टाकतो. १० मिलिमीटर जाडीचा, २० चा, २८ चा. जाडी फक्त बसण्यापुरती नसते. पातळ पंखा मोकळ्या हवेत चांगला वारा देतो, पण जाळ्या, वळणं, हीटसिंक (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) यांच्यातून हवा रेटायची वेळ आली की ढेपाळतो. खोक्यावर छापलेला वाऱ्याचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. मूळ पंखा २० चा होता, तोच घेतला.

तरी फसलो. नवे पंखे बसवले, दोन्ही छान फिरायला लागले, पिवळा दिवा तसाच. तास गेला. मूळ पंख्याला तीन वायरी होत्या, लाल, काळी, पिवळी. नव्यालाही तीन. पण मूळ पंख्याची तिसरी वायर वेग सांगत होती, एका फेऱ्याला दोन ठोके. नव्याची तिसरी वायर फक्त 'अडकलो' किंवा 'अडकलो नाही' एवढंच सांगणारी होती. पंखा फिरतोय तोवर ती एकाच पातळीवर गप्प. स्विच ठोके मोजायला बसला होता, त्याला शून्य ठोके मिळाले, म्हणून त्याच्या लेखी पंखा मेलेलाच. वायरींचे रंग सारखे, प्लग सारखा, बोली वेगळी. काही बनावटीत तर प्लगमधला लाल-काळ्याचा क्रमही उलटा असतो, तिथे आधी मीटर न लावता पंखा जोडला तर पंखा जातो किंवा बोर्ड. म्हणून आता मी पंख्याच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून नेतो, मोबाईलवर मागच्या बाजूचा फोटोही. नागपूरच्या दुसऱ्या फेरीत बॉल बेअरिंगचे, वेग सांगणारे आणले. आवाज जास्त करतात. काटा खोलीत ट्रॅक्टरपुढे तो कोणाला ऐकू येणार!

दिवा हिरवा झाला तेव्हा काट्यावरचा मुलगा म्हणाला, "हिरवा पण होतो काय हा!"

वारा कुठून कुठे

स्विच बरा झाला, रॅक तसाच आजारी होता. रॅकच्या छतावर १२० मिलिमीटरचे दोन पंखे होते आणि ते हवा आत ढकलत होते. बसवणाऱ्यानं उलटे बसवले असणार. पंख्याच्या चौकटीवर दोन बाण कोरलेले असतात, एक फिरण्याचा आणि एक हवेचा, ते बघायचेच राहिले. गरम हवा वर जाऊ पाहते, हे तिला डोक्यावर हात ठेवून खाली दाबत होते. जोडीला खोलीतली रुई, गाळणीशिवाय.

मी पुस्तकी उपाय केला. पंखे उलटवले, हवा बाहेर काढायला लावली. तापमान लगेच चार अंश उतरलं, मी खूश. दोन आठवड्यांनी गेलो तर रॅकच्या दाराच्या फटीत, केबलच्या भोकात, बिजागरीत, सगळीकडे रुईच्या मिशा. बाहेर ओढणारा पंखा रॅकच्या आत हवेचा दाब किंचित कमी करतो, मग रॅक प्रत्येक फटीतून श्वास घेतो. वातानुकूलित स्वच्छ खोलीत यानं काही बिघडत नाही. जिनिंगमध्ये फटीगणिक गाळणी कुठून लावणार?

शेवटी सगळं फिरवलं. रॅकच्या तळाशी एक मोठा पंखा, त्याच्या तोंडाशी धुता येणाऱ्या स्पंजची गाळणी. हवा खालून एकाच वाटेनं, गाळून आत. छतावरचे पंखे काढून टाकले, त्या भोकांवर नुसती जाळी. आता आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त, त्यामुळे फटींतून हवा बाहेर पडते, रुई आत येत नाही. यूपीएस रॅकबाहेर, खाली स्टुलावर. त्याच्या बॅटरीलाही उष्णता तितकीच मारते, पहिल्या खेपेला फुगलेली निघाली ती त्यामुळेच. एनव्हीआर आणि स्विच यांच्यामध्ये एक घर मोकळं. डाव्या जाळीसमोर गुंडाळून कोंबलेल्या पॅच कॉर्ड, म्हणजे जोडणीच्या आखूड केबली, काढून हव्या त्या लांबीच्या लावल्या. कूलरच्या पट्ट्या माणसांकडे वळवल्या आणि समोरच्या दाराच्या वरची तावदानं उघडी ठेवायला सांगितलं.

छपराचा प्रश्न उरला. आमच्याकडे टिनावर तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या नाहीतर कपाशीच्या वाळलेल्या काड्या, अंथरतात, गारवा चांगला राहतो. मी तेच सुचवलं. मॅनेजर साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझंच हसू आलं. जिनिंगच्या आवारात, गठाणी रचलेल्या असताना, छपरावर वाळलेल्या पऱ्हाट्या! एक ठिणगी पुरे. मग चुन्याचे दोन हात मारले. मेच्या मध्यावर, बाहेर ४५ असताना, खोली ४१, स्विचच्या जाळीपाशी ४२, आतला सेन्सर ५७. मर्यादा ४५. अंतर फार नाही, पण आहे.

ग्रीसिंगची वही

इथपर्यंतचं काम कोणताही बरा तंत्रज्ञ करेल. मला छळत होती ती दुसरीच गोष्ट. या जिनिंगमध्ये प्रत्येक जिनच्या रोलरचं, प्रत्येक बेअरिंगचं, प्रत्येक पट्ट्याचं वेळापत्रक आहे. काकांकडे एक लांबट वही आहे, तेलाचे डाग पडलेली, तिच्यात तारीखवार लिहिलेलं असतं की कुठल्या यंत्राला कधी ग्रीस भरलं, कुठला पट्टा सैल झाला. हंगामात एक दिवस चुकत नाही. इतक्या शिस्तीच्या ठिकाणी एक यंत्र साडेपाच महिने आजारी पडून राहिलं, कारण ते कोणाच्याच वहीत नव्हतं. माझ्या करारात तिमाही भेट होती, पण कागदावर लिहिलं होतं 'नेटवर्क तपासणी', आणि त्याचा अर्थ आधीच्या माणसानं इंटरनेट चालतं का बघणं असा घेतला होता. मीही पहिल्या महिन्यात तेच केलं होतं. ऑफिसच्या माणसांना डबा कॉम्प्युटरवाल्याचा वाटायचा, आणि कॉम्प्युटरवाल्याला त्यातला फिरणारा भाग दिसायचाच नाही.

इशारे मोबाईलवर पाठवायची सोय मी केली आहे, तिच्याबद्दल फार बोलत नाही. आधीही ईमेलवर इशारे जातच होते, ते ज्या पत्त्यावर जायचे तो माणूस नोकरी सोडून गेला होता.

मी काकांना म्हटलं, हा डबा तुमच्या वहीत घ्या. ते म्हणाले, "मले त्यातलं काही समजत नाही, साहेब." मी म्हटलं, "काका, ह्यात दोन पंखे आहेत, बेअरिंग आहे, जाळी आहे. तुम्हाला न समजण्यासारखं काय आहे?" त्यांनी थोडा वेळ स्विचकडे बघितलं आणि वहीत एक पान आखलं. पानाच्या माथ्यावर त्यांनी लिहिलं: काटा खोली डबा. त्याखाली तीन रकाने. दिवा हिरवा आहे का. मागून वारा येतो का. गाळणी धुतली का.

वारा बघायची युक्ती त्यांचीच. रुईचा एक तंतू चिमटीत धरून हवा बाहेर पडते त्या जाळीपाशी न्यायचा. तो किती वाकतो ते बघायचं. हवा आत जाते त्या बाजूला मात्र न्यायचा नाही, तिथे तो आत ओढला जाईल, हे मी बजावून सांगितलं.

गाळणी आठवड्याला धुवायची असं मी ठरवलं होतं. नोव्हेंबरात ते पुरलं. डिसेंबर उजाडल्यावर वहीत दर तिसऱ्या दिवसाची नोंद दिसायला लागली. भर हंगामात स्पंज तीन दिवसांत गच्च होतो, आणि गच्च झालेली गाळणी नसलेल्या पंख्याइतकीच वाईट. आम्ही दुसरी गाळणी करून घेतली. एक रॅकला, एक वाळत. ओली लावायची नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

माझ्या बाजूनं मी महिन्याला दोन्ही पंख्यांचा वेग लिहून ठेवतो. नव्या पंख्याच्या मानानं १५-२० टक्के घट दिसली की बदलायचा. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे. बदललेला पंखा स्वस्त पडतो, हातानं लिहिलेल्या पट्ट्या महाग पडतात.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीअखेर नेहमीच्या भेटीला गेलो. लॉग स्वच्छ, तापमान ठीक, दोन्ही पंख्यांचा वेग महिनाभरापूर्वीएवढाच. निघताना काकांनी वही पुढे केली. नऊ दिवसांपूर्वीची नोंद होती: 'पंखा नं. २ आवाज करते.' मी म्हटलं, वेग तर बरोबर आहे. त्यांनी लांब पेचकस घेतला, टोक स्विचच्या पत्र्याला पंख्याच्या जागी टेकवलं आणि मूठ कानाला. जिनचं बेअरिंग ऐकतात तसं. मग पेचकस माझ्या हातात दिला. आधी पहिल्या पंख्यापाशी ऐकलं, मग दुसऱ्या. दुसऱ्याच्या घरघरीत खडा घोळल्यासारखा आवाज होता.

रविवारी तो काढला. हातात फिरवला तर एका जागी किंचित अडत होता. काकांनी तो उन्हाकडे धरून पाती पुन्हा फिरवली आणि म्हणाले, "मेपर्यंत नसता पुरला." सीताबर्डीतून जोडी मागवली. एक बसवला, दुसरा काकांच्या कपाटात, वहीशेजारी आहे.